गंजगोलाईतला मरफा

आमच्या घरात मी एकटीच अशी होते जिला स्वस्थ बसता यायचं नाही. जेवताना गुडघा हलायचा, अभ्यास करताना टाचा फरशीवर वाजायच्या, आणि झोपेतसुद्धा मी भिंतीला लाथा मारते अशी धाकट्या बहिणीची रोजची तक्रार होती. अब्बा म्हणायचे, "जमूच्या अंगात मोटार बसवलीय अन् स्विच लावायचाच राहून गेला." अब्बांना सगळं मोटारीच्या भाषेतच सुचायचं. नांदेडात देगलूर नाक्याजवळ त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागं आमच्या दोन खोल्या. नायगाव, लोहा, उमरीकडच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी टेम्पोतून यायच्या, दारात उतरायच्या. उन्हाळ्यात तर दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. तांब्याची तार गुंडाळायच्या मशीनचा कट-कट-कट आवाज दिवसभर भिंतीतून येत राहायचा आणि वार्निशचा वास भातालाही लागायचा. आज कुठं वार्निश लावलेलं ताजं फर्निचर दिसलं की मला भूक लागते. नातवंडं हसतात.

अम्मी हैदराबादची. रविवारी सकाळी आमच्याकडं खिचडी, खट्टा आणि कीमा असायचा. बाकीचे दिवस ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तिळाची चटणी, जे सगळ्या गल्लीत असायचं तेच. ती भाकरी मात्र नांदेडात येऊन शिकली आणि शिकवणाऱ्या शेजारणीपेक्षा पातळ करायला लागली. कमी बोलायची. गल्लीत तिचं कुणाशी भांडण नव्हतं आणि कुणाकडं फारसं जाणं-येणंही नव्हतं. पण रस्त्यावरून वरात जायला लागली की तिचं काहीतरी व्हायचं. ती उठायची, खिडकी लावायची, परत परातीशी येऊन बसायची. आम्ही मुली दाराच्या फटीतून वरात बघायला धडपडायचो. मी एकदा वरात सोडून तिच्याकडं बघितलं. तिचे हात पिठात तसेच थांबले होते, आणि उजवा पाय तिनं डाव्या पायाखाली दाबून धरला होता. वरात लांब जाईपर्यंत तिनं तो सोडला नाही.

पुढं हळूहळू कळत गेलं. अम्मीचे पणजोबा निजामाच्या घोडदळातले. आफ्रिकेतून आणलेल्या शिपायांची एक तुकडीच होती, तिच्यात ते होते. ते कोणत्या मुलखातून आले, कोणती भाषा बोलायचे, हे घरात कुणालाच सांगता यायचं नाही. त्यांनी सोबत काही आणलं असेल तर ते ढोल, आणि ढोलावर पाय टाकायची रीत. आपसातल्या आनंदाला, ईदला, बारशाला ते वाजवायचे, नाचायचे. निजामाचं राज्य गेलं, तुकडी मोडली, पगार गेला. आणि जे आपल्या अंगणात वाजायचं ते लोकांच्या लग्नात वाजवून पोट भरायची वेळ आली. त्यालाच हैदराबादेत मरफा म्हणतात. अम्मीचे भाऊ, माझे चाँद मामू, मरफ्याचा ताफा चालवायचे. पुढं लोक नोटा उडवायचे, मागं पोरं "ओ हबशी" म्हणून ओरडायची. अम्मीनं लग्नाला होकार दिला तेव्हा एकच अट घातली होती: मुलगा बाजेवाला नको आणि शहर हैदराबाद नको.

नांदेडात लोक आम्हाला चाऊस, म्हणजे निजामाच्या फौजेतल्या अरबांचे वंशज, समजायचे. अब्बा साधे इथलेच. पण आम्ही बहिणी अम्मीवर गेलेल्या, माझे केस तर असे की कंगवा मोडायचा. शाळेत मराठी माझी सगळ्यात चांगली होती, धडा वाचायला बाई मलाच उभं करायच्या, आणि तरीही नवीन बाई आल्या की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मराठी येतं का गं तुला?" गॅदरिंगमध्ये मी दरवर्षी राक्षसाच्या सेनेत असायचे. अम्मी गॅदरिंगला कधी आली नाही.

बारावीनंतर मी लातूरच्या कॉलेजात गेले. निघायचं होतं एवढंच खरं. कुठं, याला महत्त्व नव्हतं. लातूरला होस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी होतो आणि त्या दोघी पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "जमीला, तू चालून चालून फरशी झिजवायलीस." मी संध्याकाळी गंजगोलाईला चकरा मारायचे. तो गोल बाजार, मध्ये देऊळ, चहूकडं फुटलेले रस्ते, भांड्यांची दुकानं, गुळाच्या ढेपा, हमालांची आरडाओरड. तिथं कितीही फिरलं तरी माणूस फिरून तिथंच येतो, आणि कुणी विचारत नाही का फिरतेस म्हणून.

दुसऱ्या वर्षी युवक महोत्सव आला. सांस्कृतिक विभागाच्या सरांनी हॉलमध्ये मुलींना जमवलं आणि म्हणाले, यंदा काहीतरी वेगळं करू, आफ्रिकन डान्स करू. पानांचे घागरे, हाडांच्या माळा, तोंडाला काळा रंग. मग माझ्याकडं बघून हसत म्हणाले, "जमीला पुढं राहील. हिचा रंगाचा खर्च वाचला." हॉल हसला. सर वाईट नव्हते. मला तापात त्यांनीच स्कूटरवरून दवाखान्यात नेलं होतं. त्यांना ते कौतुकच वाटलं असावं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, मी नाही करणार." "का?" सरांनी विचारलं. मी हॉलबाहेर आले आणि मैदानाला फेऱ्या मारत सुटले.

वाघमारे मॅडम मला तिथं येऊन मिळाल्या. त्या आमच्याकडं नुकत्याच लागलेल्या, मूळच्या उमरीकडच्या. मोठ्या शहरात नाटक शिकून आलेल्या. रंगमंचावर नाही तर रस्त्यात, बसस्टँडवर, पाण्याच्या टाकीखाली त्या प्रयोग करायच्या. एकदा त्या स्वतः स्टँडवर नुसत्या दीड तास मडकं धरून उभ्या राहिल्या होत्या. निम्म्या लातुराला ते वेड वाटलं. माझ्यासोबत चालत त्या म्हणाल्या, "त्यांचा आफ्रिकन डान्स राहू दे. तुझ्या घरात काय आहे?"

"काही नाही," मी म्हणाले. "घरात बंदी आहे."

"बंदी आहे म्हणजे काहीतरी आहे."

दिवाळीच्या सुट्टीत अब्बा तांब्याची तार आणायला हैदराबादला निघाले आणि मी त्यांच्या मागं लागले. अम्मीला सांगितलं, चारमिनार बघायचाय. अब्बांना खरं कळलं होतं, ते रेल्वेत खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, "मामूचं घर मला ठाऊक हाय. माल घेईपर्यंत तिथं बस."

चाँद मामूंच्या अंगणात ढोल भिंतीला टेकून ठेवलेले होते. मामू उंच, काटकुळे, दात पानानं लाल. त्यांनी रद्दीचे कागद पेटवले आणि जाळावर डफांची कातडी फिरवून तापवायला लागले. ताणली की बोट मारून बघायचे. मी म्हणाले, मला शिकायचंय. ते हसले. "बेटी, मरफे के साथ औरतां नईं जाते. औरतां घर में नाचते." मी विचारलं, घरात तर घरात, कसं? त्यांनी ढोलावर थाप मारली. मी आजवर शाळेत जे काही नाचले होते ते सगळं वर उडायचं होतं. उडी, गिरकी, हात आकाशात. हे उलटं होतं. गुडघे वाकवून जमिनीला दाबायचं, छातीत ठेका धरायचा, खांदे सुटे. मामू म्हणत होते, "जमीन को दबा, जमीन को. वो तेरेकू वापस देती." दुपार सरली. माझ्या डोक्यातली घाई कुठं गेली होती कोण जाणे. निघताना मामू म्हणाले, "तेरी माँ से सीख ना. मोहल्ले में उसके सरीखी कोई नईं थी." अब्बा तारेची बंडलं सावरत दारात उभे होते. त्यांनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या दुसऱ्याच रविवारी माझ्यासोबत नांदेडला आल्या. अम्मीनं त्यांना चहा दिला, उस्मानिया बिस्किटं दिली, आणि त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाली, "न्हाई मॅडम. आमी ते सोडून आलेव."

मॅडमनं कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझे आजोबा गावात हलगी वाजवायचे. मेलेल्या जनावराला, लग्नाला, कुणाच्याही हुकमावर. बौद्ध झाल्यावर त्यांनी हलगी विहिरीत टाकली आणि पुन्हा हात लावला नाही."

"बरोबर केलं त्यांनी," अम्मी म्हणाली.

"हो. बरोबरच केलं."

"मग तुमी काय करायलात? माझ्या पोरीला विहिरीत उतरवायलात का?"

मॅडमनं खोटं उत्तर दिलं नाही, आणि म्हणूनच बहुधा त्या दिवशी मला त्या माझ्या वाटल्या. परतीच्या बसमध्ये त्या म्हणाल्या, "तुझ्या आईचं चूक नाही. माझंही चूक नसावं. तू ठरव." मी अहमदपूर येईपर्यंत ठरवलं.

मॅडमचा प्रयोग असा होता. गंजगोलाईत भर सकाळी मी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये उभी राहणार. कॉलेजातल्या मुली गर्दीतून येऊन मला तेच प्रश्न विचारणार जे मला जन्मभर विचारले गेले. कुठली गं तू? केस खरेत का? मराठी येतं का? आणि प्रत्येक प्रश्नाला मी तोंडानं नाही, पायांनी उत्तर द्यायचं. वाद्य नाही. फक्त पायांचा आवाज. मी म्हणाले, ढोलाशिवाय मला येणार नाही. म्हणून मामूंना फोन केला. मामू म्हणाले, येतो. पण बहिणीपासून लपवून नाही, तिला मी सांगणार. मला ते नको होतं. पण नको म्हणाले नाही.

मामू तीन वाजवणारे घेऊन आले आणि पहिल्याच तालमीत त्यांचं आणि मॅडमचं वाजलं. मॅडमना ढोल वेगवेगळ्या रस्त्यांच्या तोंडाशी उभे करायचे होते. लांबून एकेक थाप येईल, हळूहळू जवळ येतील, शेवटी माझ्याभोवती जमतील. मामूंनी कपाळावर हात मारला. "बाजा एक साथ बजता मॅडम. अलग-अलग खड़े रहे तो लोगां समझते कोई मर गया."

"काहीतरी हरवलंच आहे ना मामू?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सगळे एकत्र होतात, मग विखुरलात. तेच दाखवायचं आहे."

"बिखरे हम. ढोल नईं बिखरा."

मी मध्ये उभी. एकाचं ऐकलं की दुसऱ्याचं खरं वाटायचं. माझे पाय मामूंकडं आणि डोकं मॅडमकडं, अशी ओढाताण. आजही तरुण मुलं मुलाखतीत विचारतात, तुमच्या कामात परंपरा किती आणि आधुनिक किती? मला त्या तालमीतली दुपार आठवते. शिवण कुठं आहे ते मला तेव्हाही सापडलं नाही, कारण दोन्ही बाजूंनी कापड माझंच होतं. शेवटी मामू म्हणाले, ठीक आहे, लांबून येऊ. पण एकदा जमलो की मग कुणी थांबवायचं नाही.

तो दिवस बाजाराचा होता. ऊन अजून कोवळं, गुळाचा वास आणि माश्या. सुरुवातीला कुणाचं लक्ष नव्हतं. एक मुलगी आली, तिनं विचारलं, "कुठली गं तू?" मी टाच मारली. दुसरी आली. लांबून एक थाप आली, मग दुसऱ्या रस्त्यावरून दुसरी. माणसं थांबायला लागली. आणि मग मॅडमनं कागदावर कुठंच धरलं नव्हतं ते झालं: खरी माणसं प्रश्न विचारायला लागली. डोक्यावर पाटी घेतलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "काय हरवलं गं बाई तुझं?" तिला मी खांदे दिले, कंबर दिली. ती पाटी न उतरवता बघत राहिली. ढोल जवळ आले. गर्दी दाटली. तेवढ्यात मागून एक जण ओरडला, "ओ बाई, लग्नाला येताव का? सुपारी किती?" हशा पिकला आणि एक नोट हवेत उडून माझ्या पायाशी पडली.

मामूंच्या ताफ्यातला एक वाजवणारा सवयीनं वाकला. जन्मभर लग्नात तो असाच वाकत आला होता. मामूंचाही हात सलामाला कपाळापर्यंत गेला आणि तिथंच अडकला. मॅडम गर्दीत पलीकडं. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला. आणि मी थांबले. माझं अंग असं कधीच थांबलं नव्हतं. टाच नाही, बोट नाही, काहीच हलेना. अम्मी ज्याच्यापासून पळून नांदेडला आली होती ते सगळं माझ्या पायाशी येऊन पडलं होतं, आणि ते मीच बोलावून आणलं होतं असं मला वाटलं.

गर्दी बाजूला झाली आणि काळ्या बुरख्यात अम्मी आत आली. मागं अब्बा, हातात पिशवी. पहिल्या गाडीनं निघाले असणार. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. तिनं वाकून नोट उचलली, त्या माणसापर्यंत चालत गेली आणि त्याच्या हातात ठेवली.

"भाऊ, हे लग्न न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. "माझी पोरगी हाय. काहीतरी सांगायली. ऐकायचं तर ऐका, न्हाईतर वाट सोडा."

तो माणूस ओशाळला. नोट मुठीत घेऊन तिथंच उभा राहिला, गेला नाही. मग अम्मी माझ्यासमोर आली. तिचे डोळे रागानं लाल होते. ती हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "कंधे से नक्को कर. पेट से ले. बायाँ पाँव पहले." आणि भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन आमच्याकडं पाठ करून बसली.

मामूंनी ढोल मारला. चारी ढोल एकदम. मी डावा पाय आधी टाकला. नंतरचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं: पायाखालची तापत चाललेली फरशी, कढईवर पडलेलं ऊन, म्हातारीची पाटी डुलायला लागलेली, घामानं डोळे चुरचुरणं. मॅडमना जो शेवट शांततेत हवा होता तो झालाच नाही, कारण मामूंनी सांगितल्याप्रमाणं कुणी थांबलं नाही. दुकानदार शेवटी म्हणाला, "बस करा आता, गिऱ्हाईक आत येईना," तेव्हा थांबलो.

महोत्सवासाठी मॅडमनं हाच प्रयोग दिला होता, पण तो निवडला गेला नाही. विषय समजत नाही, असं परीक्षकांनी सांगितलं. सरांचा घागऱ्यांचा नाच तेवढा पुढं गेला. मॅडम नंतर दोन-तीन दिवसांनी म्हणाल्या, "ती नोट पडली तेव्हा प्रयोग सुरू झाला, आणि तिथून पुढं तो माझा नव्हता." त्यांना ते लागलं होतं आणि आवडलंही होतं. पुढं आम्ही पुष्कळ वर्षं एकत्र काम केलं, भांडत भांडत.

अम्मी मात्र त्या दिवशी मला सोबतच घेऊन निघाली. एसटीत माझ्या शेजारी खिडकीला बसली. अब्बा पुढच्या सीटवर, मान न वळवता. मी बोलणी ऐकायची तयारी करून बसले होते. लोहा आलं. अब्बांनी खाली उतरून गरम भजी आणली. एक भजं खाऊन अम्मी बाहेर बघत म्हणाली, "भाई को अलग रास्ते पे अकेला खड़ा करी तेरी मॅडम. उसका ठेका कच्चा पड़ता अकेले में. उसकू दो जने के बीच में रखना पड़ता." थोड्या वेळानं म्हणाली, "और तू मुड़ती तब साँस रोकती." म्हणजे पाठ करून बसली होती ती, पण वळताना माझा श्वास अडकतो हे तिला माझ्या पायांच्या आवाजावरून कळलं होतं. मी भजं हातात धरून बसले. अब्बांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, मागून कळेना.

त्या उन्हाळ्यात, दुपारी गल्ली सामसूम झाली की अम्मी आतली खिडकी लावायची. अब्बा दुकानात तार गुंडाळायचं मशीन मुद्दाम सुरू ठेवायचे आणि कुणी आलं तर सांगायचे, "बाया झोपल्यात." ती ओढणी कमरेला खोचायची, आणि जे एवढी वर्षं पायाखाली पाय दाबून ठेवलं होतं ते एकेक काढून माझ्यासमोर ठेवायची. रागावूनच शिकवायची. मी चुकले की गुडघ्यावर चापट. माझा प्रयोग बघायला ती पुन्हा कधीच आली नाही. पुण्याला नाही, मुंबईला नाही, टाळ्या पडल्या तिथं नाही. मी बोलवायचं सोडलं नाही, तिनं यायचं मनावर घेतलं नाही. तिच्या लेखी नोट अजून हवेतच होती.

एकदा तिनं एक डाव दाखवला. दोन्ही पाय जमिनीला घट्ट, आणि हालचाल एवढी बारीक की पाण्यावर वारा यावा तशी अंगावरून जायची. मला तो जमेना. मी वैतागून विचारलं, "अम्मी, याला म्हणतात तरी काय?"

ती थांबली. तिनं खरंच आठवून बघितलं.

"नाव न्हाई," ती म्हणाली. "सगळ्यांनाच यायचं. जे सगळ्यांना येतं त्याला नाव कशाला ठेवतेत?" आणि माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "चल, फिर से."